कोर्ट उठंस्तोर

आमच्या केसमधी आत कोन गेलं आसं कुनी इचारलं की सगळं गाव माज्याकडं बोट करतं. खरं हाय ते. बायको माजी मेली, टँकर दुसऱ्याचा, चालवनारा दुसरा, आन् ठान्याच्या गजाआड रात काढली ती मी. ही गोष्ट मी लग्नात सांगतो, बाजारात सांगतो, कुनाच्या सावडायला गेलो तर तिथंबी सांगतो. लोक हसतात. मला हसवायचा नादच हाय. शाळेत गेलो न्हाई, त्यामुळं दुसरं काय येत न्हाई. हे बी मी नुस्तं बोलायलो. लिहून घेती माजी पोरगी. ती मधीच पेन थांबवून माज्याकडं बघती, तवा मला कळतं की हितं हसायचं नव्हतं.

साल कोन्तं ते मला सांगता येत न्हाई. दुष्काळाचं व्हतं, पर आमच्याकडं त्यावरून साल वळकू येत न्हाई. बालाघाटाच्या डोंगराला चिटकून आमचं गाव. बीड जिल्ह्यात आशी गावं लई. वर दगड, खाली दगड, मधी मानूस. इहिरी आटल्या, हापसे नुस्ते खडखड वाजायला लागले, आन् सरकारनं टँकर लावला. टँकर गावच्या चेअरमनचा. चेअरमन म्हंजी सोसायटी त्येची, दूध डेअरी त्येची, कारखान्यावर डायरेक्टर त्यो, आन् उनाळ्यात पानीबी त्येचंच. मानूस वाईट नव्हता. बोलायला तर आसा गोड की त्येनं न्हाई म्हनलं तरी आपन हात जोडून घरी यावं.

त्या दिवाळीला सोसायटीनं समद्या सभासदांला हंडे वाटले. पिलास्टिकचे, निळे, पोटावर चेअरमनचं नाव छापलेलं. घरटी एक. मी सभासद कवा झालो मला म्हाईत न्हाई, कुनीतरी आंगठा घेतला आसंल. हंडा मिळाला म्हनल्यावर मी इचारलं न्हाई.

टँकर कवा येईल त्येचा नेम नसायचा. म्हनून नंबर मानसांनी लावायचा न्हाई, हंड्यांनी लावायचा, आशी आमच्याकडं रीत. बायका सकाळी सकाळी हंडे रस्त्यावर वळीनं मांडायच्या आन् घरी कामाला जायच्या. हंडा जितं हाय तितं तुमी हाव. हंडा हलला की नंबर गेला, मग कुनी ऐकून घेत न्हाई. एका हंड्यावरून दोन सख्ख्या जावा कायमच्या बोलायच्या बंद झालेल्या मी बघितल्यात. आन् ते निळे हंडे आल्यापसून सगळी वळ सारखीच दिसायची, सगळ्यांच्या पोटावर एकच नाव. मग कुनी गळ्याला सुतळी बांधायचं, कुनी चुन्याचा टिपका द्यायचं. माज्या बायकोनं आमच्या हंड्याला माज्या जुन्या धोतराची चिंधी बांधलती. मी म्हनायचो, "आगं, माज्यापरीस हंड्याला धोतर चांगलं दिसतंय." ती म्हनायची, "त्यो काम तरी करतो."

टँकर यायचा त्यो उलटा यायचा. गल्ली चिंचोळी, वळवायला जागा न्हाई, म्हनून चावडीपसून मागं मागं घेत आनायचा. रोजचा डायवर मुरलेला. आधी खाली उतरायचा, बायांला वळ बाजूला घ्यायला लावायचा, मग गाडी घ्यायचा. त्या दिवशी डायवर हाटेलात चहा पीत बसला आन् गाडीवर बसला चेअरमनचा पुतन्या. नुकतं मिसरूड फुटलेलं. लायसन न्हाई. आन् सकाळीच घेतलेली.

मी लिंबाखाली बसलतो. चेअरमन भाषन कसं करतो त्येची नक्कल करायलो व्हतो. उपरनं खांद्यावर टाकून, पोट पुढं काढून, "माज्या शेतकरी बांधवांनो," आसं. चार मानसं पोट धरून हसायलेली. टँकर मागं आला त्यो लई जोरात आला. बायका वरडल्या, पांगल्या. वळीतला पयला हंडा चाकाखाली जायला लागला, तवा माजी बायको परत फिरली आन् हंडा वढायला वाकली.

आता हंड्यासाठी कोन वाकतं? आमच्याकडच्या बायका वाकतात.

हसनं बंद व्हायला जरा येळ लागला. माज्या मागं बसलेल्याला दिसलं नव्हतं, त्यो हसतच व्हता.

हंडा आमचा नव्हता. त्याला चिंधी नव्हती. आमचा चार-पाच हंडे मागं तसाच हुबा व्हता, नंबरला.

पोलीस आले. पुतन्याला जीपमधी बसवलं. मी म्हनलं, गेला. मग दवाखान्यातून तिला आनली, सरन रचलं, सगळं केलं. लाकडं खडखडीत वाळलेली, दुष्काळात येवढी एक सोय आसती. आंघोळ न करताच मानसं परत फिरली, पानी कुटं व्हतं. आन् पारापाशी आलो तर पुतन्या बसलेला. हातात चहाचा गिलास. ठान्यातच जामीन झालता त्येचा.

मी हवालदाराला इचारलं, "साहेब, कावून सोडलं?"

"तात्या, कलमच तसलं हाय," त्यो म्हनाला. "खून न्हाई हे. हयगय हाय. जामीन द्यावाच लागतो."

हयगय मला म्हाईत व्हती. मी शेळ्या सोडून झोपलो की आई मला तेच म्हनायची. मातर आई फोकानं पायाची साल काढायची. जामीन नसायचा.

दुसऱ्या दिवशी मामी आली. मामी म्हंजी माजी सासू. मामाचीच पोरगी केलती मी, म्हनून ती आधी मामी आन् मग सासू. घाटनांदूरकडची. मामा आधीच गेलते, पोरगा शेरात. माजी पोरगी तवा लहान, म्हनून मामी राहिली ती राहिलीच. ती लई रडली न्हाई. पोरीची येनी घातली, चुलीपुढं बसली आन् मला म्हनाली, "कुटं हाय त्यो?"

"पारावर," मी म्हनलं.

"आन् माजी पोरगी?"

मी चुलीत काटकी सारली.

"हे बघ," मामी म्हनाली, "मी त्याला फाशी द्या म्हनत न्हाई. पोरगंच हाय तेबी. एक रात आत झोपू दे. गजाच्या आत. सकाळी सोडा म्हनावं, माजी तक्रार न्हाई. पर एक रात. तवर तू तडजोड करायची न्हाई."

मी व्हय म्हनलं. मला वाटलं, एक रातच तर मागायली. आठ-पंधरा दिसात व्हईल.

पंधरा दिसांनी चेअरमन घरी आला. बाजेवर बसला, टोपी काढली.

"तात्या, झालं ते वाईट झालं. पोरगं नादान हाय. त्येचं आख्खं आयुष्य पडलंय."

"व्हय."

"तुज्या पोरीचं बी बघायला पायजे. सोसायटीत शिपायाची जागा हाय. तुज्यासारखा बोलका मानूस पायजे तितं. आलेल्याला बसवायचं, चहा सांगायचा, झालं."

खरं सांगतो, माजं व्हय जिभंवर आलतं. खुर्चीत बसून मानसं हसवायची आन् वर पगार, ह्यापरीस मोठी नोकरी मला ठाव न्हाई. तेवढ्यात मागून मामी बोलली.

"व्हईल की जावई शिपाई. आधी तुमचा पुतन्या कैदी व्हऊ द्या."

चेअरमननं टोपी घातली. "मामी, कायदा त्येचं काम करीलच."

"करू द्या की. कुनी आडवलंय?"

कुनी आडवलं व्हतं ते मला पुढं कळलं. मीच आडवलं व्हतं.

आमच्याकडं दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला खाली कारखान्याकडं जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हंजी अर्धा कोयता. बायको गेली तसा मी अर्धा झालो. मुकादम म्हनाला, "तात्या, तुजी जीभ धरली तर दीड भरतो. चल." गेलो. घरी मामी आन् पोरगी. पाडव्याच्या पुढं-मागं परत यायचं, आशी आमची वर्सं.

कोर्टाचीबी तशीच वर्सं व्हती, फकस्त आमची आन् त्येंची गाठ पडायची न्हाई. उनाळ्यात मी गावात, तर कोर्टाला सुट्टी. पावसाळ्यात मी गावात, तर साहेबाची बदली, नवा आला न्हाई. दिवाळी झाली, नवा साहेब आला, समन्स निघालं, तवर मी ट्रकवर राहायच्या कोपीचे बांबू-चटया आन् भांडी लादून गेलेलो. पोलीस समन्स घेऊन यायचा. मामी सांगायची, गेला तोडीला. कोन्त्या कारखान्याला? ते मुकादमाला म्हाईत. मुकादम कुटं हाय? त्योबी तोडीला.

पुतन्या मातर दर तारखेला हजर. इस्त्रीचा शर्ट, संगं वकील. कोर्टात पुकारा व्हायचा. आरोपी हजर. साक्षीदार गैरहजर. तिऱ्हाईतानं बघितलं आसतं तर म्हनला आसता, ह्यो सज्जन हाय आन् पळून गेलेला त्यो गुन्हेगार.

मग वारंट निघालं. माज्या नावाचं.

मला काय म्हाईत. तोडीवरून ट्रक गावात आला, मी उसाच्या शेंड्यांच्या, वाड्याच्या भाऱ्यासंगट खाली उडी मारली, तर चावडीपुढं दोन पोलीस. मला लई बरं वाटलं. म्हनलं, पुतन्याला न्यायला आले आसतील, मला दाखवून न्यायचा म्हनून थांबले आसतील. मी हात जोडून राम राम घातला. त्येंनी माजाच हात धरला.

"कावून साहेब?"

"वारंट हाय बे तुजं. किती तारखा चुकवल्यास?"

ट्रकवरची मानसं टकमक बघायली. एकजन म्हनाला, "तात्या, तिकडं काय करून आलास?" मी म्हनलं, "ऊस तोडला. कारखान्यानं तक्रार केली आसंल." सगळे हसले. पोलीसबी हसला.

ती रात मी आत काढली. साहेब सकाळी बसनार व्हते, म्हनून. खोलीत मी आन् एक शेळीचोर. शेळीचोरानं मला इचारलं, "तुमी काय केलं?" मी म्हनलं, "माजी बायको मेली." त्यो सरकून भिताडाला जाऊन बसला. त्येला वाटलं मी मारली.

सकाळी मामी भाकरी घेऊन आली. गजातून भाकरी देताना म्हनाली, "मी त्याला आत घाला म्हनले व्हते. ह्येंनी तुला घातलं. तुला नीट सांगताबी येत न्हाई का रे?"

"मामी, जागा बघून ठिवली. त्याला पुरंल."

ती हसली न्हाई. तिनं आत वाकून बघितलं, समदी खोली बघितली.

"वास लई येतो का?"

"येतो."

"बरं हाय," मामी म्हनाली.

साहेबापुढं नेलं. साहेब तरुन व्हते, चश्मा. म्हनाले, "तुमच्या पत्नीचं प्रकरण आहे आणि तुम्हालाच त्याचं गांभीर्य नाही?"

मी म्हनलं, "साहेब, ऊस थांबत न्हाई."

"कोर्टही कुणासाठी थांबत नाही," साहेब म्हनाले.

त्येंना तसं वाटत आसंल तर वाटू द्यावं.

मग साक्षी झाल्या. त्या दिवशी टँकरमागं आख्खं गाव व्हतं, कोर्टात कुनीच नव्हतं. डायवर म्हनाला मी आजारी व्हतो. माज्या नकलंला हसलेले चारीजन म्हनाले आमी शेतात व्हतो. एका बाईनं सांगितलं, मी माहेरी गेलते. तिच्याच हंड्यासाठी माजी बायको वाकली व्हती. मी तिला बोल लावत न्हाई. तिची दोन गुरं छावनीत दावनीला बांधलेली, चाऱ्यावाचून घरी ठिवता येत नव्हती, आन् छावनी चेअरमनची. बाहेर आल्यावर पदर डोळ्याला लावून ती मला म्हनाली, "भाऊ, सांजच्याला पोरीला धाडा. डाळ शिजवलीय." पोरगी गेली. डाळ चांगली व्हती म्हनाली.

उरलो मी. समोरचा वकील उठला.

"घटना कोणत्या वर्षीची?"

"दुष्काळ पडलता त्या सालची."

"कोणता दुष्काळ?"

"टँकर लागला त्यो."

"टँकर तर दरवर्षी लागतो."

"व्हय की," मी म्हनलं. त्येचं बराबर व्हतं.

"किती वाजले होते?"

"घड्याळ नव्हतं साहेब. दिवस कासराभर वर आलता."

साहेबांनी मान वर केली. कासरा म्हणजे? टाइपवाल्यानं सांगितलं, बैलाची दोरी, साहेब. खेड्यात त्यावरून सूर्य किती वर आला ते सांगतात. लांबीबी त्यावरूनच मोजतात.

"बरं," वकील म्हनाला. "आणि गाडीपासून तुम्ही किती लांब होता?"

"आसंल दोन-तीन कासरे."

वकील साहेबाकडं वळला. "म्हणजे साहेब, सूर्य याच्यापासून एका दोरीवर आणि बायको तीन दोऱ्यांवर. याला बायकोपेक्षा सूर्य जवळ होता."

समदं कोर्ट हसलं. साहेबांनीबी तोंडावर कागद धरला. आन् मीबी हसलो. लई चांगलं जमवलं व्हतं त्येनं. मी आख्खी हयात मानसं हसवली, पर आसं मला सुचलं नसतं. माजी मान आपोआप हालली, दाद दिल्यावानी.

"साक्षीदार हसतो आहे, याची नोंद व्हावी," वकील म्हनाला.

टेबलावर त्यो चपटा हंडा ठिवलेला व्हता. चेअरमनचं नावबी चपटं झालतं, पर व्हतं तसं.

"हा हंडा तुमचा?"

"न्हाई."

"मग तुमची बायको दुसऱ्याचा हंडा का ओढत होती?"

तिला इचारायला पायजे व्हतं. चिंधी बघायला येळ मिळाला नसंल. का बघूनबी वाकली आसंल. ती तसलीबी व्हती.

त्येच्या पुढं काय लई झालं न्हाई. वर्सं गेली. मी तोडीला जायचो, यायचो. चेअरमन म्हातारा झाला, पुतन्या सोसायटीत डायरेक्टर झाला. सभेत त्येचा सत्कार झाला, नारळ, शाल. मी मागं बसलेलो. टाळ्या वाजल्या तशा मीबी वाजवल्या. हातानं वाजवल्यावर कळलं. घरी येऊन मामीला सांगितलं न्हाई. पोरगी शाळंत वर वर गेली, समन्स आता तीच वाचून दाखवायची. मामीच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. मानूस आलं एवढं कळायचं, कोन आलं ते आवाजावरनं वळखायची. मी कोर्टातून आलो की दारातच इचारायची, "काय झालं?" मी म्हनायचो, "तारीख." ती म्हनायची, "हात धू." मग मग तिनं इचारनंबी सोडलं आन् मी सांगनंबी सोडलं. बस आली की तिला कळायचं, तारीखच पडली.

फैसल्याच्या दिवशी मातर ती दारापतोर आली. म्हनाली, "नीट बघून ये. त्याला आत न्हेताना कसा गेला ते बघ. मला दिसत न्हाई, तू बघ आन् मला सांग."

कोर्टात मी पुढच्या बाकड्यावर बसलो. साहेब आता चौथे का पाचवे व्हते, केस पिकलेले. त्येंनी वाचलं. मला शब्द कळत नव्हते, पर "दोषी" कळलं. मी बाकडं धरलं. मला आनंद व्हईल आसं मला वाटलं व्हतं. झाला न्हाई. नुस्तं पाय जड झाले, दिसभर मोळ्या वाहिल्यावानी.

मग वकील उठला. आरोपी त्या वेळी कोवळ्या वयाचा होता. पहिलाच गुन्हा. कुटुंब आहे, सहकारात काम आहे, एकही तारीख चुकवली नाही. मयत स्वतः गाडीमागे वाकली होती. साहेबांनी ऐकून घेतलं. काय तरी सांगितलं, कारकुनानं लिहिलं, आन् पुढच्या केसचा पुकारा झाला.

मला कळंना. मी दारातल्या शिपायापाशी गेलो. "किती वर्सं?"

"वर्सं न्हाई तात्या. कोर्ट उठेपर्यंत कैद. आन् दंड."

"म्हंजी?"

"म्हंजी साहेब उठेपर्यंत त्यानं हितं बसायचं. साहेब उठले की मोकळा."

"आत का?"

"न्हाई. हितंच. बाकड्यावर."

मी वळून बघितलं. पुतन्या बाकड्यावर बसलता. त्येच बाकड्यावर, मी उठलो व्हतो तितं. दुसरं बाकडं मोडलेलं, बाकी वकिलांच्या खुर्च्या. मी जाऊन त्येच्या शेजारी बसलो.

शिपाई येऊन हळू म्हनाला, "तात्या, तुमी जाऊ शकता."

"बसतो," मी म्हनलं. मामीनं बघून यायला सांगितलं व्हतं. मी बघायला लागलो. त्येनं जांभई दिली. बोटं मोडली. फोन काढला, तवा शिपाई म्हनाला, फोन बंद करा. येवढी सक्ती झाली. पंखा त्येच्यावरच व्हता, थोडा वारा माज्याकडंबी यायचा. पुढं दुसऱ्या केसी चालू व्हत्या, बांधाच्या, दारूच्या, एका नवरा-बायकोची. एकदा त्येचा डोळा लागला आन् डोकं माज्या खांद्यावर आलं. मी हाललो न्हाई. कावून न्हाई हाललो ते सांगता येत न्हाई. झोपलेल्या मानसाला उठवू वाटत न्हाई.

मला वाटलं, सांजपतोर तरी बसंल. पर जेवायच्या सुट्टीच्या आधी एक वकील पळत आला. कोन तरी जुना वकील वारला व्हता. सगळे हुबे राहिले. आमीबी हुबे राहिलो, मान खाली घालून. मग साहेब म्हनाले, आज कामकाज बंद, आन् उठले. कोर्ट उठलं.

शिपाई पुतन्याला म्हनाला, "झालं. जावा आता."

जेवायच्या आत शिक्षा भोगून झाली. ती बी त्या मेलेल्या वकिलानं कमी केली. जिता आसताना त्येनं कुनाची येवढी कमी केली नसंल.

बाहेर ऊन मी म्हनत व्हतं. आमच्या गावाला बस सांजच्यालाच. मी झाडाखाली हुबा राहिलो, तर पुतन्याची गाडी येऊन थांबली. काच खाली झाली.

"चला तात्या. गावाकडंच निघालोय."

मी नगं म्हनायला तोंड उघडलं आन् म्हनलं, "पुढं बसू का मागं?"

पुढंच बसलो. गाडीत गार वारा लागायचा. मग त्येनं इचारलं, "तिकडं पाऊस कसा म्हनतेत?" मी म्हनलं, "न्हाईच म्हनतेत." आनखी जरा येळानं म्हनाला, "तात्या, तुमाला वाटत आसंल मी मजेत हाय. एक तारीख सुखाची गेली न्हाई. बायको रडायची. पोरं शाळंत बोलनी खायची. पिनं तर त्या दिवसापसून बंद हाय."

"व्हय का," मी म्हनलं.

त्येचंबी खरं आसंल. तारखा आमी दोघांनीबी सारख्याच खाल्ल्या. माज्या किती तरी हुकल्या, त्येची एकबी न्हाई, म्हंजी त्येनंच जास्ती खाल्ल्या.

माज्या घरापुढं गाडी वळवायला जागा हाय, म्हनून त्यो दारापतोर आला. मी उतरलो. मामी उंबऱ्यात बसलेली. शेळी जवळ बांधलेली. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. पुतन्याबी खाली उतरला. आंग मोडलं, गळा खाकरला.

"आजी, पानी मिळंल का?"

मामीनं आवाज वळखला न्हाई. कुटं ऐकला व्हता तिनं कवा. कोर्टातबी त्यो बोलला न्हाई कवाच, त्येचा वकील बोलायचा.

"मिळंल की बाबा," ती म्हनाली. भिताड धरून आत गेली, तांब्या भरून आनला. "बस की जरा. उनाचा आलास."

"न्हाई, जातो."

त्येनं हुब्यानंच वरून पानी पिलं. घटाघटा. तांब्या परत दिला, "बरं वाटलं आजी," म्हनाला, आन् गाडी वळवून गेला. फुफाटा खाली बसंस्तोर मी तितंच हुबा.

"भला मानूस दिसतोय," मामी म्हनाली. "तुला आनून सोडलं." मग तिनं तोंड माज्याकडं केलं. "काय झालं?"

मी कायतरी गमतीचं हुडकत व्हतो. सवय हाय. सापडलं न्हाई.

"साहेबानं दोषी धरला, मामी."

"मग? न्हेला का आत?"

"न्हाई. कोर्ट उठंस्तोर बसायची शिक्षा दिली. बाकड्यावर."

"बसला?"

"बसला."

"मग उठलं का कोर्ट?"

"उठलं. दुपारलाच."

"आन् आता कुटं हाय त्यो?"

"आत्ता पानी पिऊन गेला," मी म्हनलं.

तांब्या मामीच्या हातात तसाच. तिनं त्यो हालवून बघितला. बुडाला पानी उरलं व्हतं. फेकावं म्हनून तिनं हात मागं न्हेला, पर त्या सालीबी टँकरच व्हता. मग शेळीची पान्याची पाटी चाचपली, त्यात उरलेलं वतलं, तांब्या पालथा घातला आन् भाकरी करायला आत गेली.